सडक्या लाकडाचे पाळणे

दात उपटायच्या खुर्चीत मी बसले होते तेव्हा ते आलं. दातासाठी नव्हते बसले; इस्लोमबेक डॉक्टरच्या दवाखान्यात दुसरी खुर्चीच नाही, म्हणून. मी त्याला त्याचं इंटरनेटवरचं पान दाखवत होते. आमच्या ओश शहरात कुणी दातदुखी म्हणून शोधलं तर आपण आता कुठे दिसतो, पूर्वी कुठे खाली गाडले गेलो होतो, रुग्णांनी काय काय चांगलं लिहिलंय, आणि अजून चार फोटो टाकले तर काय होईल. तो मान डोलवत होता आणि त्याचं लक्ष स्वतःच्या फोटोतल्या पोटाकडे होतं. तेवढ्यात फोन थरथरला आणि पडद्याच्या वरून एक ओळ घसरत खाली आली. ‘सोत्वोल्दी उस्ता, पाळणे. नवा शेरा. एक तारा.’ आणि खाली मजकूर: ‘याच्याकडून कुणी पाळणा घेऊ नका. लाकूड सडकं. हात थरथरतात. नजर कधीच गेली. माझ्या सगळ्या नातवंडांची डोकी याच्यामुळे वाकडी झाली.’ मी अंगठ्याने ते झाकायला गेले, पण डॉक्टरने वाचलं होतं. लोकांच्या जबड्यात वाकून वाकून त्याची नजर घारीची झालीय. “सोत्वोल्दी उस्ता म्हणजे तुमचे वडीलच ना?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं; उस्ता म्हणजे कारागीर, सारा बाजार त्यांना तसंच म्हणतो. “अरेरे,” तो म्हणाला, आणि मग त्याला राहवलं नाही. “तोख्ताखान, राग मानू नका, पण सख्ख्या बापाची ही गत, मग माझं तुम्ही काय करणार?”

मी हसले. धंद्यात हसावं लागतं. पण खुर्चीतून उठताना माझं डोकं त्या वरच्या दिव्यावर आपटलं, आणि पायऱ्या उतरेपर्यंत मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या ते मोजलं नाही एवढंच. लोकांना दिसायला लावणं हा माझा धंदा. समोसेवाला, लग्नाचे कपडे भाड्याने देणारी, दात उपटणारा, गालिचे धुणारा, सगळे माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “बहीण, आम्हाला इंटरनेटवर वर आण.” आणि वर आणायला गेलं की सगळे अंग चोरतात. समोसेवाल्याला मी म्हटलं, भट्टीतून निघालेलं भरलेलं ताट दाखव, वाफेसकट, लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. तर तो ताटावर फडकं टाकून उभा. म्हणे भरलेल्या ताटाचा फोटो काढत नाहीत, बरकत जाते. मग काय फडक्याचा फोटो टाकू? लग्नाच्या कपड्यांवाली म्हणते गिऱ्हाईक हवंय, पण दुकानात गर्दी दिसता कामा नये. आणि आमच्या गावातल्या आया! बाळ झालं की फोटो टाकायची हौस दांडगी, पण बाळाच्या तोंडावर हे एवढं सूर्यफूल चिकटवलेलं. नुसते पाय दिसतात. शेकडो सूर्यफुलांना दोन दोन पाय फुटलेत आणि लोक खाली लिहितायत, नजर न लागो, नजर न लागो. अरे, नजर लागायला दिसलंय काय? दिसायचंय आणि दिसायचं नाहीये. ही माझी रोजची डोकेदुखी. दुसऱ्या शहरातल्या माझ्या धंद्यातल्या मुली मला विचारतात की तुझी अडचण काय, स्पर्धा का? मी काय सांगू त्यांना कपाळ? माझी स्पर्धा नजरेशी आहे.

पण ते दुसऱ्यांचं झालं. दुसऱ्यांवर चिडून घरी जाता येतं, चहा पिता येतो. अदांचं तसं नव्हतं. अदा म्हणजे माझे वडील, आणि त्यांची बाजारातली टपरी, नदीच्या बाजूच्या रांगेतली, जिथे पूर्वी सगळे पाळणेवालेच होते आणि आता एकटे अदा उरलेत, बाकी सगळीकडे चार्जर आणि चिनी चपला. गेल्या पानगळीत अम्मा गेली. अम्मा पाळण्याच्या गाद्या शिवायची आणि बाळाला बांधायचे पट्टे. आमच्याकडचा पाळणा छताला टांगत नाहीत, तो जमिनीवर झुलतो, वर आडवी दांडी असते आणि बाळाला रुंद पट्ट्यांनी त्यात बांधून ठेवतात. पट्टे नसले तर पाळणा म्हणजे नुसती रंगीत लाकडं. अदांनी यंत्रावर फिरवून लाकूड कातायचं, लाल-पिवळा-हिरवा रंग चढवायचा, अम्माने बांधायचं. असं माझ्या जन्माच्या आधीपासून चाललं होतं. ती गेली आणि अदांनी कातयंत्राला हात लावायचं सोडलं. टपरी रोज उघडायचे. स्टुलावर बसायचे. दुपारी शेजारचा चहा पाठवायचा, तो थंड व्हायचा. शेजारच्या मिर्झोहिदला, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला, जागा वाढवायची होती. तो रोज दोन वेळा सलाम करायला लागला तेव्हाच मला कळायला हवं होतं. एके दिवशी अदांनी जेवताना नानचा तुकडा मोडला, हातातच ठेवला, आणि म्हणाले, “नवरोज झाला की किल्ली मिर्झोहिदला देतो. तरुण पोरगा आहे, त्याचं तरी होईल. मला आता कोण ओळखतं, पोरी? माझ्या पाळण्यात झोपलेले सगळे रशियात विटा वाहतायत.” ते असं म्हणाले आणि तो तुकडा त्यांनी परत ताटात ठेवला. आमच्या घरात मोडलेला नान कुणी परत ठेवत नाही.

किल्लीची मला एवढी भीती नव्हती, त्या तुकड्याची वाटली. बायको गेलेला आणि हातातलं काम सोडलेला म्हातारा किती दिवस पुरतो ते मी आमच्या गल्लीत पाहिलेलं आहे. म्हणून मी घाईघाईने बोलून गेले की अदा, नवरोजपर्यंत थांबा, मी गिऱ्हाईक आणते. ते म्हणाले, “कुठून?” मी फोन वर करून दाखवला. त्यांनी फोनकडे पाहिलं, एखाद्या पाहुण्याने आणलेल्या अनोळखी फळाकडे पाहावं तसं. “बरं,” म्हणाले.

त्या पानावर मी जेवढी राबले तेवढी कुठल्या पैसे देणाऱ्यासाठी राबले नाही. सकाळचं ऊन टपरीत तिरपं येतं ते धरून फोटो काढले. जुने तीन पाळणे घासूनपुसून मांडले. अदांच्या हातांचे फोटो काढले, त्यांच्या नकळत. नकाशावर टपरी बरोबर त्या दाराशी टेकवली, कारण आमच्या बाजारात एका रांगेने चूक झाली की माणूस मटणाच्या गल्लीत जाऊन पोचतो. लोक काय शब्द टाकून शोधतील त्याचा विचार केला, उझ्बेकमध्ये, किरगीजमध्ये, रशियनमध्ये लिहिलं. सगळं झालं आणि पान रिकाम्या ताटासारखं पडून राहिलं, कारण शेरे नव्हते. शेरे नसलेलं दुकान म्हणजे लोकांना दुकानच वाटत नाही. मग मला ती अक्कल सुचली. या अकलेबद्दल मला कुणीतरी आधीच थोबाडीत मारायला हवी होती.

इनोबत-खालाकडे बायकांचा गप होता. गप म्हणजे आमच्याकडे महिन्यातून एकदा पाळीपाळीने एकेकीच्या घरी बायका जमतात, पलाव खातात, सगळ्या गावाची हजेरी घेतात. इनोबत-खाला, म्हणजे इनोबत मावशी, ही अम्माची जिवाभावाची मैत्रीण. पाच सुना, नातवंडांचा तर सुळसुळाट, आणि एकूण एक पोर अदांच्या पाळण्यात वाढलेलं. मी तिथे गेले, सगळ्यांचे फोन गोळा केले, चष्मे शोधून दिले, आणि कुठे दाबायचं, कुठे लिहायचं, तारे कसे द्यायचे ते एकेकीला हाताला धरून शिकवलं. “पाच म्हणजे सगळ्यात उत्तम,” मी म्हटलं, “एक म्हणजे सगळ्यात वाईट. अदांबद्दल मनात जी माया असेल ती लिहा. जगाला कळू दे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. इनोबत-खालाने डोळे पुसले. “लिहू गं,” ती म्हणाली, “तुझ्या बापासाठी नाही लिहिणार तर कुणासाठी?” मग सगळ्यांनी हात वर करून दुवा मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले. मी समाधानाने घरी आले. पोटभर पलाव खाऊन.

तर डॉक्टरच्या खुर्चीत आलेला तो पहिला शेरा. मला वाटलं, मिर्झोहिद. दुसरा कोण? त्यालाच टपरी हवीय. रागाने माझे कान तापले होते. मी पुलाशी थांबले, कठड्याला टेकून फोन उघडला, खाली आक-बुरा नदी बर्फाचं पाणी घेऊन खळाळत होती आणि मला तिचाही राग आला. मी उभी असतानाच दुसरा शेरा पडला. ‘रंग दोन दिवसांत उडतो. माझ्या मुलीचा पाळणा तीस वर्षं झाली अजून घरात अडगळ होऊन पडलाय, मोडतही नाही मेला.’ एक तारा. मग तिसरा. ‘असला कुरूप माणूस आणि असले कुरूप पाळणे मी जन्मात पाहिले नाहीत. थू थू थू.’ एक तारा. थू थू थू वाचलं आणि मी नाव बघितलं. मुकद्दम-खाला. अम्माच्या मयतीला जिने अदांसाठी सात दिवस सूप पाठवलं ती. मग पहिल्याचं नाव बघितलं, ते मी रागाच्या भरात बघितलंच नव्हतं. इनोबत.

इनोबत-खालाच्या अंगणात मी शिरले तेव्हा ती ऊन खात बसली होती, मांडीवर एक पणतू होता आणि त्याच्या कपाळावर काजळाचा हा एवढा ठिपका. सलाम-दुवा झाली, चहा आला, पहिला पियाला अर्धाच भरून दिला, म्हणजे बस, घाई नाही. मला होती. “खाला, हे काय लिहिलंत?” मी फोन तिच्या नाकासमोर धरला. तिने फोन लांब केला, चष्मा वर केला, स्वतःचाच मजकूर ओठ हलवत पुन्हा वाचला. “चांगलं लिहिलंय की,” ती म्हणाली. “काय राहिलं?”

“चांगलं? लाकूड सडकं म्हणे! डोकी वाकडी म्हणे! तुमच्या कुठल्या नातवाचं डोकं वाकडं आहे हो?”

“एकाचंही नाही. अल्लाची कृपा.” मग तिने पणतवाकडे बघून घाईने जमिनीवर थुंकल्यासारखं केलं. “तुला झालंय काय? ओरडतेस का?”

“मी सांगितलं होतं ना, पाच तारे द्या? पाच म्हणजे उत्तम?”

“सांगितलं होतंस. मला काय कळत नाही होय?” आता तिचा आवाज चढला. “बायको मातीत जाऊन वर्ष नाही झालं. एकटा म्हातारा, ना मुलगा ना सून. आणि त्याच्या कपाळावर पाच तारे ठोकून साऱ्या जगापुढे उभा करू? ये बाबा नजरे, हा बघ, असा गुणी माणूस, असे सोन्याचे हात, अजून जिवंत आहे, बघून घे? उद्या वर गेले की तुझ्या अम्माला मी काय तोंड दाखवू? शिकलीस खरी, पण अक्कल कुठे उसनी देऊन आलीस?”

मी म्हटलं, खाला, हे वाचून लोक येणार नाहीत. ती म्हणाली, ज्याला कळतं तो येईल, ज्याला कळत नाही त्याच्या पोराला पाळणा हवा कशाला? मी म्हटलं, निदान तीन तरी करा. तीन! मी भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी तिच्याशी तारे घासत होते. ती म्हणाली की तिची जीभ झडेल. तिने मला पलाव घेऊन जा म्हणून डबा भरून दिला, आणि दारापर्यंत सोडायला आली तेव्हा माझ्या गालाला हात लावून म्हणाली, “बेडकीसारखीच आहेस अजून. तेच बटबटीत डोळे.”

बेडकी. हे नाव तिनेच दिलेलं. ते मी इतक्यांदा ऐकलेलं आहे की मला आठवतंय असंच वाटतं, आठवणं शक्य नसलं तरी. माझ्या आधीची अम्माची बाळं राहिली नाहीत. अदांनी प्रत्येकासाठी नवा पाळणा केला आणि प्रत्येक पाळणा मशिदीत दिला. मी झाले तेव्हा माझं नाव तोख्ता ठेवलं, म्हणजे थांब. जाऊ नकोस, थांब. हाक मारली की विनवणी. आणि अदांचं स्वतःचं नाव सोत्वोल्दी, म्हणजे विकत घेतलेला. त्यांच्या आईने त्यांना चाळणीत घालून शेजारणीला विकलं आणि कोंड्याच्या बदल्यात परत घेतलं, मृत्यूने दारात येऊन विचारलं तर सांगायला की हे आमचं नव्हेच, बाजारातून आणलंय. आमच्या घरात एकाचंही नाव खरं नाही. सगळी नावं कुणाला तरी फसवायला ठेवलेली. तर मला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं होतं तेव्हा इनोबत-खालाने घातलं, तिची बाळं जगत होती म्हणून. आधी उलटं ठेवलं, पायांच्या जागी डोकं, आणि बायकांना विचारलं, “असं?” सगळ्या ओरडल्या, “नाही!” मग दुसऱ्या बाजूला, “असं?” “नाही!” मग सुलटं ठेवलं, पट्टे बांधले, आणि मोठ्याने, दारातून रस्त्यावर ऐकू जाईल असं ती म्हणाली, “ई, काय ही बेडकी जन्माला घातलीस? ही कुणाला हवीय?” अम्मा सांगायची की ते ऐकून ती पहिल्यांदा रडली आणि मग रात्री पहिल्यांदा झोपली. मी जगले. हे मी लहानपणी कौतुकाने ऐकायचे, कॉलेजात गेल्यावर हसायचे, आणि आता पलावचा गरम डबा छातीशी धरून बसच्या थांब्यावर उभी असताना मला फक्त चीड येत होती. बरं झालं बाई, जगले. पण त्या वेळी दारातून ऐकायला नकाशा नव्हता. तेव्हा नजर एक होती आणि ती गल्लीतून चालत यायची. आता हे बिश्केकमधली बाई वाचते, मॉस्कोतली वाचते, तिला काय माहीत बेडकी म्हणजे काळजाचा तुकडा?

त्या आठवड्यात सगळ्या गपने अदांवर तुटून पडायचं ठरवलेलं दिसलं. मला रोज नवा शेरा. ‘कातकाम असं की लाज वाटावी.’ ‘गाढवाला बांधायच्या लायकीचं लाकूड.’ ‘म्हातारा हट्टी, पैसे कमी घेतो, गिऱ्हाइकाला चहा पाजून वेळ घालवतो.’ एकीने तर शिव्या पुऱ्या पडल्या नाहीत म्हणून अदांच्या मिशांवर लिहिलं. मी नकाशावाल्या कंपनीला कळवून पाहिलं की हे शेरे खोटे आहेत, काढून टाका. उत्तर आलं, गुळगुळीत, साबणाने धुतल्यासारखं: आम्ही तपासलं, हे शेरे खऱ्या गिऱ्हाइकांच्या खऱ्या अनुभवांवर आधारलेले वाटतात, म्हणून काढता येत नाहीत. आता यावर काय बोलणार? खरे आहेतच की. या बायकांपेक्षा खरं गिऱ्हाईक अल्लाने घडवलेलं नाही. मी प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर लिहायला बसले, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल दिलगीर आहोत,’ आणि माझ्याच बोटांना हसू फुटलं, रडूही. कुणाबद्दल दिलगीर? मिशांबद्दल? देशाच्या अख्ख्या दक्षिण भागात सगळ्यात वाईट दुकान म्हणून आम्ही सहज पहिले आलो असतो. इस्लोमबेक डॉक्टरने फोन करून सांगितलं की तो जरा विचार करतोय, आपलं पान तूर्त आहे तसंच राहू दे. समोसेवाल्याने फडक्याचाही फोटो नको म्हटलं. आणि नवरोज आला, वसंतातलं नवं वर्ष; बाजारात गव्हाचे कोंब विकायला लागले, बायका त्या कोंबांची सुमलाक खीर शिजवायच्या कढया घासायला लागल्या, मिर्झोहिद टपरीची रुंदी पावलांनी मोजताना मला दिसला.

संध्याकाळी अदा दिवाणावर बसले होते, उशीला टेकून. मी चहा ओतला. त्यांनी पियाला हातात धरून विचारलं, “तुझ्या त्या फोनमध्ये कुणी काही लिहिलं का, पोरी?” इतके दिवस त्यांनी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं विसरले. विसरले नव्हते, माझा चेहरा बघून गप्प बसले होते. मी म्हटलं, लिहिलं. “कोणी?” मी नावं सांगितली. त्यांच्या भुवया वर गेल्या. “इतक्यांनी? वाच बघू.” मला सहज खोटं वाचता आलं असतं. तोच तर माझा धंदा, कौतुक लिहिणं. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास’ असली वाक्यं माझ्या बोटांतून झोपेत निघतात. मी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य जुळवायला गेले, पण ते माझ्याकडे इतके नीट, इतके आदराने बघत होते, इमाम वाचायला लागल्यावर बघतात तसे, की मला नाही जमलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एकदाचं ऐकू दे यांना, निदान उद्या बाजारात दुसऱ्याकडून कळायला नको. आणि चिडून, भराभर, मान खाली घालून मी वाचलं. लाकूड सडकं. हात थरथरतात. रंग उडतो. कुरूप माणूस, कुरूप पाळणे, थू थू थू. गाढवाला बांधायच्या लायकीचं. मिशा.

आवाज आला म्हणून मी वर बघितलं. अदांच्या हातातला चहा हिंदकळत होता. ते हसत होते. अम्मा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता, आत कुठेतरी बोळा अडकला होता आणि तो सुटला असा. “मिशांवर कोणी? मुकद्दमने? तीच ती. तिच्या लग्नात मी या मिशांना तूप लावून गेलो होतो.” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. “अजून एकदा वाच ते. अडगळ होऊन पडलाय, मोडतही नाही मेला. हे कुणाचं? बघ, बघ! तीस वर्षं! तो मी तुतीचा केला होता. मोडेल कसा?” मग मला पुढचा वाचायला सांगितलं. तो त्याच दिवशी आला होता, पुन्हा इनोबत-खालाचा. तिला एका शिवीवर समाधान नव्हतं. ‘आणि याच्याकडे आता पट्टे शिवायला कुणी नाही. कोण शिवणार या हट्ट्यासाठी? माझ्यासारख्या आंधळीलाच बसावं लागणार. शिवलेले पाच जोड आणून टाकीन, नाही पटले तर चुलीत घाल.’ मी वाचून थांबले. हा मी दुपारी वाचला होता आणि रागात मला फक्त ‘हट्ट्या’ दिसलं होतं. अदांनी ताटातला नान घेतला, तुकडा मोडला आणि खाल्ला. “एवढी माया,” ते म्हणाले, “मला वाटलं तिच्याबरोबर गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्लोमबेककडे जायला निघाले होते, त्याचा विचार करून झाला का बघायला, तर पाय आपोआप बाजाराकडे वळले. कातयंत्राचा आवाज मला चपलांच्या गल्लीपासूनच ऐकू आला. मी रांगेच्या तोंडाशी थांबले. अदांनी बाह्या दुमडल्या होत्या, टोपीवर भुसा, पायांशी पांढरे ओले छिलके कुरळे होऊन पडलेले, आणि हातात लाल रंगाची कांडी फिरत्या लाकडाला टेकवलेली. गाल लाल झाले होते. मिर्झोहिद टपरीच्या दाराशी हात चोळत उभा होता. “उस्ता, ते किल्लीचं...” “कसली किल्ली?” अदा मान वर न करता म्हणाले. “एवढी बदनाम झालेली जागा तुला देऊ? तुझं वाटोळं होईल, लेका. तुझी आई मला माफ करणार नाही.” आजूबाजूचे हसले. आणि तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली, कारासूच्या बाजूची असावी, मागे पोटुशी सून, एका हातात फोन. तिने फोनकडे पाहिलं, अदांकडे पाहिलं, मिशांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“सडक्या लाकडाचे पाळणे करतो तो म्हातारा तूच का?”

“मीच,” अदा म्हणाले.

“नजर गेलेला?”

“कधीच गेली.”

“एवढ्या बायकांनी एवढा जीव तोडून शिव्या घातल्यात, म्हटलं बघून तरी यावं,” ती म्हणाली, आणि सुनेला पुढे ढकललं. “नातवासाठी हवाय. जरा चांगला वाईट कर.” सून शालीच्या टोकाने पोट झाकत लाजली. लोक आणखी जमले. कुणीतरी फोन काढून फोटो घ्यायला लागलं.

मला आनंद व्हायला हवा होता. माझे उन्हातले फोटो, माझे तीन भाषांतले शब्द, सगळं पाण्यात गेलं आणि त्या थू थू थूने गिऱ्हाईक आणलं, म्हणून चिडायला तरी हवं होतं. चिडले होतेही, जरा. पण अदा हसले, त्या बाईकडे बघून, उन्हात, पांढऱ्या दातांनी, लाल गालांनी, आणि इतके देखणे दिसले, इतके जिवंत, की मला एकदम भीती वाटली. सगळे बघत होते त्यांच्याकडे. एवढे डोळे. चपलांवाले, मिर्झोहिद, कारासूची बाई, फोनमधून अजून कोण कोण. बघू नका, असं मला ओरडावंसं वाटलं. नजर उतरवणारी धुरीवाली म्हातारी कढई घेऊन रांगेतून चालली होती, मी तिला हाक मारली, अदांकडे बोट दाखवलं. तिने त्यांच्याभोवती कडवट धूर फिरवला, ते खोकले, हसतच राहिले. मला तेवढ्याने बरं वाटेना. मी भिंतीशी सरकले, फोन काढला, ते पान उघडलं, मीच बांधलेलं. ‘आपला अनुभव लिहा.’ एका ताऱ्यावर बोट दाबलं, आणि लिहिलं:

‘मी याच माणसाच्या पाळण्यात वाढले. डोळे बटबटीत झाले, नशीब फुटकं निघालं. म्हातारा झालाय, काही जमत नाही. कुणी याच्याकडे जाऊ नका. कुणी याच्याकडे बघूसुद्धा नका.’